हूच मॅबरीचं सोंग

हूच मॅबरीला आई नाही, असा नियम होता. नियम रोंडा पिकेटने केलेला. रोंडा ही हूचची मॅनेजर, आणि नियम करण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या नॅशव्हिलमध्ये कुणी नव्हतं. हूच कुठला, कुणाचा, असं कुणी विचारलंच तर सांगायचं, की तो एका पेट्रोल पंपाच्या मागे सापडला आणि ट्रकवाल्यांनी त्याला बिअर पाजून वाढवला. आई नाही, बाप नाही, शाळा नाही, लाजलज्जा तर नाहीच नाही. त्यामुळे गेल्या ऑगस्टमध्ये अलाबामातल्या सँड माउंटनवर नेव्हा टीग नावाची बाई वारली, तेव्हा हूचने त्याच आठवड्यात नॉक्सव्हिलला ठरलेला गाण्याचा कार्यक्रम केला आणि तो झकास रंगला.

नेव्हा ही लोवेल टीगची आई. आणि लोवेल टीग म्हणजेच हूच मॅबरी. टोप, बकरीच्या केसांच्या मिशा, निळ्या काचांचा चष्मा आणि छातीपर्यंत उघडा सदरा एवढं वजा केलं की खाली उरायचा तो लोवेल, पंचेचाळिशी उलटलेला, टक्कल पडत चाललेला, पोटाच्या तक्रारी असलेला माणूस. तो रस्त्याने गेला तर कुत्रं भुंकत नसे. हूच गेला तर वाहतूक थांबायची.

तर यंदाच्या एप्रिलमध्ये, चॅटनूगाच्या एका थिएटरमध्ये, दुपारचा लोवेल आरशासमोर बसून वरच्या ओठाला डिंक लावत होता, तेव्हा व्हर्नेलचा फोन आला. व्हर्नेल त्याची थोरली बहीण.

"लो, ऐकू येतंय का? की तो टोप ओढलायस कानावर?"

"बोल गं. हात चिकट आहेत, स्पीकरवर टाकलंय."

"डेकोरेशनच्या रविवारी येतोयस ना, थडगी सजवायला? मे महिन्यात?"

"बघतो. त्या आठवड्यात ओक्लाहोमाला..."

"बघतो नाही. वर्षभरात वारलेल्यांमध्ये मम्माचं नाव घेतील. तिच्यासाठी पद होईल. आणि डॅडी म्हणाले, ते पद लोवेलने म्हणवून घ्यायचं."

लोवेलचा डिंकाचा ब्रश हवेतच राहिला. "डॅडी म्हणाले? स्वतः?"

"नाही, शेजाऱ्याच्या गायीकडून निरोप धाडला. अरे माठ्या, स्वतःच म्हणाले. दोनदा म्हणाले. आणि ते केस घालून येऊ नकोस."

लोवेल हसला. हसताना अर्धी मिशी सुटली. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ तसाच बसून राहिला, एका बाजूने हूच आणि एका बाजूने लोवेल. बापाने त्याला काहीतरी करायला सांगितलं होतं. गेल्या बारा वर्षांत असं झालं नव्हतं.

आता हे बारा वर्षांचं काय, ते सांगायला हवं.

लोवेलचा बाप हॉबर्ट टीग हा डोंगरावरच्या गाण्याचा मास्तर. हे गाणं रेडिओवरचं नव्हे. चर्चमध्ये बाकं चौकोनात मांडतात, चार बाजूंना चार जातींचे आवाज बसतात, सगळ्यांची तोंडं आत, आणि मधल्या मोकळ्या जागेत एक जण उभा राहून हाताने ताल देतो. पेटी नाही, पियानो नाही. आधी नुसते सूर म्हणायचे, फा, सोल, ला, आणि मग शब्द. जो तो गळा फाडून गातो. ऐकणारा कुणीच नसतो, सगळे गाणारे. म्हणून तिथे टाळी नाही. एखाद्याने टाळी वाजवली तर देवघरात शिट्टी मारल्यासारखं होईल. पद संपलं की मधला माणूस मान लववून आपल्या बाकावर जातो आणि दुसऱ्याचं नाव पुकारतात. उन्हाळ्यात हॉबर्ट गावोगाव फिरून पोरांना हे शिकवायचा, आणि त्याचा हात पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. बाकीचे कोपरातून हात हलवत. हॉबर्टचा हात खांद्यापासून वर जायचा, वरती क्षणभर थांबायचा, आणि मग लाकूड फोडल्यासारखा खाली यायचा. जुने लोक म्हणत, हॉबर्टच्या हाताखाली बेसूर माणूससुद्धा वेळेवर बेसूर होतो.

लोवेलला मात्र गिटार हवी होती, आणि नाव हवं होतं. विशीत तो गाण्याच्या धंद्याच्या गावी, नॅशव्हिलला गेला, गालिचे बसवायच्या दुकानात कामाला लागला आणि रात्रंदिवस गाणी लिहीत बसला. दु:खी, सोज्वळ, घरदार आठवून गळा काढणारी गाणी. वाईट नव्हती. पण नॅशव्हिलमध्ये दर दुसरा वेटर असली गाणी लिहितो. वर्षं गेली. एकदा एका रेकॉर्ड कंपनीतल्या साहेबाने त्याचं गाणं अर्ध्यात बंद करून विचारलं, "भाऊ, कुणी मेलंय का तुझ्याकडे?" लोवेल बाहेर आला तो पेटलेलाच. रेडिओवर काय चालतं, तर ट्रक, बिअर आणि आखूड चड्डीतली पोरगी. ठीक आहे. घ्या मग.

तेव्हा तो पोटापाण्यासाठी एका विनोदी क्लबात आठवड्यातून एकदा आपल्याच गावाकडच्या लोकांची टर उडवत असे. तिथल्या फडताळात भुतांच्या सणाचा एक मळका टोप पडला होता. तो त्याने डोक्यावर चढवला आणि रागाच्या भरात रचलेलं एक गाणं फेकलं:

चड्डी तुझी दोरीवर,
नवरा तुझा ड्यूटीवर,
ट्रक उभा गं दारात माझा,
येऊ का मी खाटेवर?

पुढची कडवी इथे लिहिण्यासारखी नाहीत. त्यात चर्चची पेटीवाली आहे, एक ट्रॅक्टर आहे, आणि ट्रॅक्टरला मागची सीट नसते ही अडचण कशी सोडवली त्याचं सविस्तर वर्णन आहे. लोवेलला वाटलं होतं, लोकांना चपराक बसेल, रेडिओवाल्यांना लाज वाटेल. कसली लाज! लोक टेबलांवर चढले. आणि गंमत म्हणजे पुढच्या आठवड्यात गर्दी केली ती ट्रक घेऊन, बिअरच्या पेट्या घेऊन, आखूड चड्ड्या घालून आलेल्या मंडळींनी. ज्यांची टिंगल केली तेच म्हणाले, वा, हा आपला माणूस. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, आणि मारुतीला नवस बोलायला रांग लागली.

त्या पहिल्या रात्री आणखी एक गोष्ट झाली. एका हातात माईक होता, दुसरा हात रिकामाच लोंबत होता. त्या हाताला काहीतरी काम द्यावं म्हणून लोवेलने तो वर केला. खांद्यापासून वर, क्षणभर थांबून, धाडकन खाली. "खाटेवर" या शब्दावर. तो हात कुठून आला हे सांगायला नको. लोक इतके हसले की पुढच्या वेळी तो हात आपोआप आला, आणि मग राहिलाच. काही वर्षांत त्याला "हूचचा हात" असं नाव पडलं. स्टेडियममध्ये आपला संघ जिंकला की कॉलेजची पोरं हूचचा हात करत. रोंडाने स्पंजाचे मोठाले हात करून विकायला ठेवले. बापाने हे पाहिलं असेल का, याचा लोवेलने फारसा विचार केला नाही. केला असता तर करिअर झालं नसतं.

एकदाच, नाताळात घरी असताना, टीव्हीवर हूच आला. हॉबर्ट उठला, म्हणाला, "कोंबड्या बघून येतो," आणि बाहेर गेला. कोंबड्या तासाभरापूर्वीच बंद करून झाल्या होत्या. त्यानंतर बारा वर्षं बापलेक हवामान, गाडीचं ऑइल आणि आईचं औषध या तीन विषयांवर बोलत आले.

पैसा मिळाला, घर झालं, लग्नही झालं होतं. बायको मारला, चांगली बाई. पण घरात भांडण झालं की लोवेल हूचच्या आवाजात उत्तरं द्यायला लागला, कारण हूच कधी हरत नसे. मारला एकदा म्हणाली, "मी लग्न ज्याच्याशी केलं त्याला बोलव, मला त्याच्याशी भांडायचंय." त्याला बोलावणं जमलं नाही. ती गेली.

सोडायचा प्रयत्न त्याने केला नव्हता असं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःची जुनी गाणी घेऊन, नॅशव्हिलमध्ये एक छोटा कार्यक्रम ठेवला. टोप नाही, मिशा नाही. दुसऱ्या गाण्याला मागून आवाज आला, "चड्डी!" मग चार आवाज. मग सगळंच थिएटर, "चड्डी! चड्डी!" लोवेलने डोळे मिटून गाणं पुरं केलं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्या मायेने म्हणाला, "पोरा, चांगलं गातोस हो. पण आम्ही केंटकीहून गाडी हाकत आलोय. त्याला पाठव ना आता." लोवेल आत गेला. रोंडा टोप हातात घेऊनच उभी होती.

आई हॉस्पिटलात शेवटच्या गुंगीत असताना तिथल्या एका नर्सने, व्हर्नेलने नको तिथे अभिमानाने सांगून ठेवल्यामुळे, त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "माझ्या नवऱ्याचा वाढदिवस आहे हो. एक वाक्य बोलाल का, त्या आवाजात? घाणेरडं असलं तरी चालेल." बाई रात्ररात्र जागून आईचं करत होती. नाही कसं म्हणणार? लोवेल भिंतीकडे तोंड करून फोनमध्ये हूचच्या आवाजात बोलला, चांगलं चावट बोलला. मागे वळला तेव्हा खोलीचं दार उघडंच होतं. आईने ऐकलं की नाही हे त्याला कधीच कळलं नाही, आणि ते त्याला आतून कुरतडत राहिलं.

म्हणून व्हर्नेलच्या फोनने तो हलला. बापाने त्याला बोलावलं होतं, टोपाशिवाय, त्याच्या नावाने, आणि तेही जिथे टाळी नाही अशा जागी. लोवेलच्या मनाने घेतलं, की ही सुटका आहे. आईचं पद म्हणवून घ्यायचं, आणि मग बापाला सांगायचं, डॅडी, हूच संपला. बापासमोर एकदा शब्द गेला की तो मागे घेता येणार नाही, आणि त्याला तसंच हवं होतं.

इकडे रोंडा नवा करार घेऊन बसली होती. आणखी तीन वर्षं, मोठी बस, लास व्हेगास.

"सही कर आणि मोकळा हो," ती म्हणाली.

"सोमवारी सांगतो."

"सोमवारी काय नवीन अक्कलदाढ येणार आहे?"

"रविवारी घरी जाऊन येतो. मग सांगतो."

रोंडाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "लोवेल, एक सांगू? मी काही तुझी वैरीण नाही. पण हूचला सोडून तू काय करणार ते मला माहीत आहे. गालिचे बसवणार. आणि लोक गालिच्यावर उभे राहून म्हणणार, जरा तो हात करून दाखव ना."



डेकोरेशनच्या रविवारी डोंगरावर ऊन स्वच्छ होतं. होप स्प्रिंग्जच्या चर्चमागच्या थडग्यांवरचं गवत आदल्या दिवशीच कापून झालं होतं आणि प्रत्येक दगडापाशी फुलं होती, बरीचशी प्लास्टिकची. आईच्या दगडावरची अक्षरं अजून नवी दिसत होती. झाडांखाली लांबच लांब टेबलांवर बायकांनी झाकलेली भांडी मांडायला सुरुवात केली होती. लोवेल पांढरा सदरा घालून आला होता, सगळी बटणं लावून.

ओपल आत्याने त्याचे गाल ओढले. "आलास रे बाळा! केवढा वाळलायस. तो दुसरा तर चांगला गुबगुबीत दिसतो."

"त्याला पोटाला उशी बांधतात, आत्या."

"अगंबाई, हो का!" म्हणून ती इतकी हसली की व्हर्नेलने तिला डोळ्यांनी दटावलं.

हॉबर्ट चौकोनात पुढच्या बाकावर बसला होता, आपल्या नेहमीच्या जागी, मोठे हात गुडघ्यांवर ठेवून. ऐंशी उलटलेली, तरी पाठ ताठ. "आलास," तो म्हणाला.

"हो, सर." डोंगरावर बापाला उत्तर देताना सर म्हणायची रीत होती.

"रस्त्यात गर्दी?"

"नव्हती, सर."

बस्स, एवढंच. पण हॉबर्टने बाकावर जरा सरकून त्याला जागा केली. गाणं सुरू झालं. चारी बाजूंनी आवाज येऊन मधोमध आदळले आणि लोवेलच्या छातीचा पिंजरा आतून वाजू लागला. त्याला सगळं येत होतं. विसरलो असं वाटलेलंसुद्धा येत होतं. आजूबाजूला माणसं आपापल्या जागी बसून हात हलवत होती. बापही गात होता, पण त्याचा हात हलत नव्हता. संधिवात असेल, लोवेलला वाटलं.

मग वारलेल्यांची नावं झाली, आणि पुकारणाऱ्याने म्हटलं, "नेव्हा टीगसाठी, लोवेल टीग."

लोवेल टीग. एवढ्या माणसांत, मोठ्याने, त्याचं स्वतःचं नाव. तो उठला आणि चौकोनाच्या मधे जाऊन उभा राहिला. पद नदीपलीकडच्या घराचं होतं, आईच्या आवडीचं. त्याने पानाचा आकडा सांगितला, पानं फडफडली, कुणीतरी सूर दिला. त्याने श्वास घेतला आणि हात वर केला.

हात खांद्यापासून वर गेला. क्षणभर थांबला. लाकूड फोडल्यासारखा खाली आला.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

दुसऱ्या तालाला आणखी दोघं-तिघं. तरणी पोरं होती, तोंडं पुस्तकात खुपसून खांदे हलवत होती. लोवेलने हात कोपरातून हलवायचा प्रयत्न केला. जमेना. ताल चुकायला लागला, खर्जवाले त्याच्याकडे बघायला लागले, आणि घाबरून त्याने पुन्हा तोच हात सुरू केला. त्याला दुसरा हात येतच नव्हता. लहानपणी बापाचा शिकला होता, आणि पुढे त्यावरच जगला. शब्द आले, नदी आली, पलीकडचं घर आलं. मोठी माणसं मनापासून गात होती, ओपल आत्याच्या डोळ्यांना धार लागली होती. पण भिंतीकडच्या बाकावरची लहान पोरं आता हसत नव्हती, ती हात करत होती. एका तालात, वर, थांबून, खाली. शेवटचं कडवं आलं तेव्हा निम्मा चौकोन हूचचा हात करत होता. काहींच्या ते लक्षातही आलं नसेल.

पद संपलं. आणि कुणीतरी टाळी वाजवली.

बहुतेक बाहेरगावचा पाहुणा असेल. पण ती एक टाळी काडीसारखी पेटली. आधी मागचे बाक, मग कडेचे, मग सगळंच चर्च. जिथे शंभर-दीडशे वर्षांत कुणी टाळी वाजवली नव्हती, तिथे माणसं हसत, रडत, मनापासून टाळ्या वाजवत होती. पोराचं कौतुक होतं ते, दुसरं काही नाही. आणि लोवेलने काय करावं? मान लववून जागेवर जायचं, एवढंच करायचं होतं. पण टाळ्या ऐकल्या की त्याचं अंग त्याला विचारत नसे. दोन बोटं कपाळाशी गेली, नसलेल्या टोपाच्या कडेला लागली, आणि कंबर डावीकडे किंचित वळली. हूचचा मुजरा. चर्च दणाणून गेलं.

तो बाकावर येऊन बसला. हॉबर्ट समोर बघत होता.

जेवणं झाडांखाली झाली. तळलेलं चिकन, बटर बीन्स, मक्याचा ब्रेड, केळ्याचं पुडिंग, बर्फाचा गोड चहा. प्रत्येक जण लोवेलच्या पाठीवर थाप मारून जात होता. पुकारणारा म्हातारा माफी मागून गेला, "टाळ्यांचं मनावर घेऊ नकोस हो, लोकांना राहवलं नाही." लोवेलने आपली प्लेट तशीच ठेवली आणि तो आईच्या दगडापाशी गेला. बाप तिथे दुमडत्या खुर्चीवर बसून चिकनची तंगडी खात होता.

"डॅडी, एक विचारू?"

"विचार."

"मम्माचं पद तुम्ही का नाही घेतलंत? पन्नास वर्षं सगळ्यांची तुम्हीच घेत आलात."

हॉबर्टने घास सावकाश संपवला. "गेल्या वर्षी बर्ल हिक्सचं घेतलं की. उभा राहिलो, हात वर केला, आणि पोरं हसली. बर्लची सख्खी नातवंडं. वाईट मनाने नाही हसली. त्यांना वाटलं, म्हातारा हूचची नक्कल करतोय."

ते नाव बापाच्या तोंडून लोवेलने पहिल्यांदा ऐकलं.

"बर्लची बायको समोरच बसली होती," हॉबर्ट म्हणाला. "तिचं तोंड बघवेना. तेव्हापासून नाही उभा राहिलो मी. म्हटलं, नेव्हाच्या वेळी तरी कुणी हसायला नको. तू घेशील तर बरं. म्हटलं, तुझा स्वतःचा काहीतरी वेगळा हात असेल."

लोवेल खाली गवतावर बसला. म्हणजे ती माफी नव्हती, बोलावणंही नव्हतं. बापाला बायकोसाठी ताल द्यायचा होता आणि देता येत नव्हता, म्हणून त्याने पोराला उभं केलं होतं. आपण सापळ्यात एकटेच आहोत असं इतकी वर्षं लोवेलला वाटत होतं. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि तोंडातून निघालं ते तयार करून आणलेलंच होतं.

"डॅडी, मी सोडतोय ते. हूच संपला. सोमवारी कळवतो त्यांना."

हॉबर्टने हाड प्लेटच्या कडेला ठेवलं. "सोड की. तुझा धंदा, तुझी मर्जी. कष्टाने उभा केलास, तेही खरं. पण तू सोडलंस म्हणून तो पोरांच्या हातातून जाणार आहे थोडाच?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर लोवेलला बरं वाटलं असतं.

एवढ्यात थडग्यांमधून वाट काढत पाच-सहा पोरं धावत आली. पुढे मेसी, व्हर्नेलची नात, सहा-सात वर्षांची, दात पडलेली. तिच्या लेखी हूच म्हणजे टोप, मिशा आणि निळा चष्मा. गवतात बसलेला हा टकला माणूस आईचा मामा होता, आणि त्याचा त्या हूचशी काही संबंध असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"पणजोबा, पणजोबा! हूचचा हात करून दाखवा ना! याला खोटं वाटतंय तुम्हाला येतो ते."

"मी कुठे खोटं म्हणालो," मागचा एक पोरगा म्हणाला. "मी म्हटलं, एवढे म्हातारे कसे करतील."

लोवेल उठायला लागला. "मेसी, आता नको, पणजोबा जेवतायत..."

पण हॉबर्टने आपली प्लेट त्याच्या हातात दिली. तोंड रुमालाने पुसलं. खुर्चीच्या हाताला धरून उभा राहिला, नेव्हाच्या दगडाकडे पाठ करून, आणि त्याने हात वर केला. खांद्यापासून वर. वरती क्षणभर थांबवला. मग खाली आणला, त्या जुन्या सगळ्या जोराने.

पोरं किंचाळून हसली. मेसी त्या पोराला ढोसत म्हणाली, "बघ! बघ! सांगितलं नव्हतं?"

"पुन्हा!" पोरगा ओरडला. "पणजोबा, पुन्हा एकदा!"

हॉबर्टने पुन्हा केला. तोही आता हसत होता, पोरं हसली की म्हातारी माणसं हसतात तसा. मग वर नेलेला हात तसाच धरून तो लोवेलकडे वळला.

"बरोबर जमतोय का रे?"

लोवेल दोन्ही हातांत बापाची प्लेट धरून उभा होता.

"हो, सर," तो म्हणाला.